ऊस ट्रॉलीचा सात पिनांचा प्लग बदलताना

हंगाम तोंडावर आला. ढोकी, येडशी, कळंबकडच्या रस्त्यांवर लवकरच रात्रभर ट्रॉल्या धावतील. त्यामुळे मागचे दिवे आत्ताच तपासा.

पाचटात ओढला जाऊन ट्रॅक्टरमागचा सात पिनांचा प्लग पहिल्यांदा खराब होतो. नवा बसवताना जुन्या वायरचं हिरवट पडलेलं टोक कापून टाका, आतलं तांबं चकाकतं दिसलं पाहिजे. प्लग उघडला की स्क्रूशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात. प्रचलित पद्धतीत 1 डावा इंडिकेटर, 3 अर्थ, 4 उजवा इंडिकेटर, 5 आणि 7 टेल लॅम्प, 6 ब्रेक. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली असते. टेस्ट लॅम्पने सॉकेटची एकेक पिन बघा.

सगळ्यात महत्त्वाची अर्थची वायर. दोन ट्रॉल्या जोडल्या की 21 वॅटचे चार ब्रेक दिवे 84 वॅट घेतात, म्हणजे 12 व्होल्टला 7 अँपिअर. तो सगळा करंट पिन 3 मधूनच परततो. म्हणून ही वायर इतरांपेक्षा जाड घ्या. हुकातून अर्थ मिळतो यावर भागवू नका, तिथे गंज आणि ग्रीस असतं. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणला तर आधी अर्थच तपासा.

केबल प्लगच्या क्लॅम्पमध्ये घट्ट आवळा, ताण स्क्रूवर येऊ देऊ नका. आणि वळताना ताणणार नाही एवढी ढील ठेवा.