पाँपेईची पायपीट आणि भोकरदनची पांढरी

परदेशप्रवासाची वर्णने वाचून वाचक आताशा कंटाळले असतील, याची आम्हांस जाणीव आहे. अमुक मनोरा किती उंच आणि तमुक पूल किती लांब, ही माहिती घरबसल्या कोणासही मिळते. तीसाठी मासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नाही. तथापि गेल्या वर्षी इटलीतील पाँपेई या प्राचीन नगरात एका खाजगी वाटाड्यासमवेत आम्ही तीन तास जी पायपीट केली, तिचा शेवट इटलीत न होता आमच्याच जालना जिल्ह्यात झाला. तो कसा झाला हे सांगितल्यास घरोघरच्या वडीलधाऱ्यांस व मुलांस काही उपयोग होईल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

आमचे घर जुन्या जालन्यात, कुंडलिकेपासून फार दूर नाही. घरात लहानथोर मिळून तेरा माणसे. धाकट्या बंधूंचे चिरंजीव मिलान येथे शिकावयास आहेत; त्यांस भेटावे म्हणून ऑक्टोबरात आम्ही उभयता निघालो आणि बरोबर तीर्थरूप नानांस घेतले. नानांचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दुखरे, पण दृष्टी आणि स्मरण दोन्ही शाबूत. जन्म भोकरदनजवळच्या एका खेड्यातला, आणि उभा जन्म शाळामास्तरकीत गेलेला. “दगड दाखवायला मला इतक्या लांब नेता? दगड काय आपल्याकडे थोडे आहेत?” असे ते निघतानाच म्हणाले होते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस या ज्वालामुखीच्या उद्रेकात राखेखाली गाडले गेले. १७४८ पासून तेथे खोदकाम चालू आहे, तरी सुमारे एकतृतीयांश नगर अद्याप मातीखालीच आहे. नेपल्सहून आगगाडीने तेथे सहज जाता येते. मात्र २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला वीस हजारांहून अधिक लोकांस आत सोडत नाहीत व तिकिटावर प्रत्येकाचे नाव लागते. तेव्हा तिकिटे आधीच काढून ठेवावी. आत सावली थोडी आणि रस्ते ओबडधोबड दगडांचे, म्हणून पायांत सपाट तळाचे बूट असावे. पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजाग आहेत.

आता वाटाड्याविषयी. तीस-चाळीस जणांच्या जथ्यापुढे कोणी झेंडी धरून चालावे आणि मागच्यांनी धापा टाकीत त्यास गाठावे, हा प्रकार नानांच्या गुडघ्यांस मानवणारा नव्हता. म्हणून चिरंजीवांनी आमच्यापुरती एक मार्गदर्शिका ठरविली. इटलीत हे काम परवान्यावाचून करता येत नाही. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. शुल्क ऐकून नानांनी कपाळास हात लावला, कारण तेवढ्यात घरचा महिन्याचा किराणा आला असता. परंतु आज आमचे मत असे की, पाहावयाची स्थळे निम्मी करावी, पण चांगला वाटाड्या सोडू नये.

बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी प्रथम सनावळी सांगितली नाही. प्रथम नानांचा व्यवसाय विचारला. शिक्षक होते असे कळताच त्या म्हणाल्या, “मग आज मी कमी सांगेन. तुम्ही पाहा आणि मला विचारा.” चिरंजीव मध्ये दुभाषी होते. एका चौकात दगडी हौद होता व त्यावर नळाचे तोंड. हौदाच्या काठाला एके ठिकाणी खोलगट झीज झालेली. बाईंनी नानांस तेथे हात टेकावयास सांगितले. नानांनी हात टेकला, वाकले, आणि त्यांचे तोंड बरोबर नळापाशी आले! पिढ्यान्‌पिढ्या तहानेल्या माणसांनी तेथेच हात टेकला होता. त्या हातांनी दगड झिजविला होता. नाना क्षणभर तसेच राहिले. मग म्हणाले, “आमच्या विहिरीच्या तोंडाशी दोराने पडलेल्या खाचा अशाच आहेत. मी त्यांच्याकडे कधी असे पाहिले नाही.”

पुढे रस्ता ओलांडावयास मध्ये उंच दगड बसविलेले दिसले. त्यांच्यामधून गाडीची चाके जावी एवढी फट ठेवलेली, आणि चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून जशाच्या तशा. एका भटारखान्यात काळ्या दगडाची पुरुषभर उंचीची जाती होती; ती गाढवांकडून, कधी गुलामांकडून, फिरविली जात. शेजारी भट्टी. अशा भट्ट्यांतून कोळसा झालेल्या भाकऱ्या सापडल्या आहेत. त्या दिवशी भाजावयास टाकलेल्या भाकऱ्या कोणाच्या पानात पडल्याच नाहीत. नंतर आम्ही त्या प्रसिद्ध आकृती पाहिल्या. राखेत गाडलेली शरीरे कुजून गेली, तरी त्यांची पोकळी राहिली. १८६३ साली ज्यूझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्या माणसांचे आकार परत मिळविले. कोणी तोंड झाकून घेतले आहे, कोणी गुडघे पोटाशी ओढले आहेत. नानांनी तेथे पायांतले काढले व हात जोडले. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सांगितले की, १९४४ च्या मार्चमध्ये हा डोंगर शेवटचा जागा झाला, तेव्हा त्यांच्या आजीने अंगणातील राख सुपाने भरून टाकली होती. आजीपासून नातीपर्यंत आलेली ही गोष्ट ऐकून त्या जुन्या उत्पाताचे भय आम्हांस प्रथमच खरे वाटले.

परतावयाची वेळ झाली तेव्हा बाईंनी विचारले, तुम्ही भारताच्या कोणत्या भागाचे? चिरंजीवांनी नकाशा काढून अजिंठ्याच्या दक्षिणेस जालना दाखविले. बाई थबकल्या. “मग आणखी एक घर पाहून जा,” असे म्हणून त्यांनी आम्हांस पुन्हा मोठ्या रस्त्याने पूर्वेकडे नेले. घर साधेच होते, बाहेरून सांगण्याजोगे काही नव्हते. येथे १९३८ साली अमेदेओ मैउरी यांच्या उत्खननात भारतातून आलेली एक हस्तिदंती मूर्ती सापडली. त्यावरून या घरास ‘भारतीय मूर्तीचे घर’ असेच म्हणतात. बाई पुढे म्हणाल्या, “तशीच मूर्ती तुमच्याकडे एका गावी जमिनीतून निघाली आहे. नाव मला नीट उच्चारता येत नाही.” त्यांनी वहीत रोमन अक्षरे लिहिली. चिरंजीवांनी ती एकेक करून वाचली : भो-क-र-द-न.

नाना जवळच्या दगडी उंबरठ्यावर बसले. आम्हांस वाटले गुडघ्यांनी दगा दिला. तसे नव्हते. ते म्हणाले, “तिथे खणत होते, तेव्हा मी रोज सायकलवरून त्याच रस्त्याने जात होतो.”

१९७३ साली नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनास उत्खनन केले. शांताराम भालचंद्र देव आणि गुप्ते या विद्वानांनी त्याचा वृत्तांत पुढल्याच वर्षी प्रसिद्ध केला. १९७२ च्या दुष्काळाने माणसे मोडून गेली होती. पुष्कळांनी खडी फोडून दिवस काढले होते. नाना तेव्हा पंचविशीतले नवे मास्तर. गावात कोणी म्हणे की गुप्तधन शोधताहेत, कोणी म्हणे विहीर खणताहेत. “खापरे गोळा करणाऱ्या माणसांकडे पाहायला कोणाला सवड होती? पण मी मास्तर होतो,” नाना म्हणाले, “मी एकदा तरी उतरून विचारायला हवे होते.” या शब्दांचा अर्थ बाईंस सांगताना चिरंजीवांचा स्वर जड झाला.

दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या संग्रहालयात आम्ही ती मूर्ती पाहिली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. स्त्री उभी आहे. अंगावर वस्त्रापेक्षा अलंकारच अधिक. पायांशी दोन्ही बाजूंस दोन लहान दासी. मस्तकात वरून खाली भोक पाडलेले आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान आसनाचा पाय असावी असे तर्क आहेत. प्रथम तिला लक्ष्मी मानले गेले; आता पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. ती मथुरेची असावी असा पूर्वी समज होता. भोकरदनास व धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे तशाच घडणीच्या मूर्ती मिळाल्यावर दख्खनच्या बाजूने मत झुकले. तिच्या तळाशी मात्र वायव्येकडे चालणाऱ्या खरोष्ठी लिपीचे अक्षर आहे, त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही. परंतु सातवाहनांच्या काळी आमच्या तालुक्याच्या गावी अशा घडणीचे काम होते, एवढे त्या मातीनेच सांगितले आहे.

आणि भोकरदन हे तेव्हा आडगाव नव्हते. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांवर ज्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरास जात असे, हे त्या काळच्या एका ग्रीक नाविकाने लिहून ठेविले आहे. पैठणहून भडोचास वीस दिवसांची वाट होती. तेथून गलबते पश्चिमेस जात. भारत दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे तेथली नाणी, ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनी या रोमन ग्रंथकाराने केली होती. तोच प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात मरण पावला. ज्या चैनीच्या वस्तूंबद्दल त्याची तक्रार, त्यांपैकीच एक त्याच राखेखाली सुमारे साडेअठराशे वर्षे पडून राहिली.

घरी परतल्यावर नानांनी दोन महिने वाचन केले. जुना उत्खननवृत्तांत मिळवून त्यावर टिपणे काढली. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांनी घरातील सहा मुलांस भोकरदनास नेले. साठेक किलोमीटरांची वाट. आम्ही केवळ सोबतीस होतो. वाटाड्या नाना!

त्यांनीही सनावळी सांगितली नाही. प्रथम मुलांस केळना नदीच्या काठी उभे करून विचारले, “गाव इथेच का वसले असेल?” उत्तर मुलांनीच दिले. मग नदीकाठच्या कोरीव लेण्यांत नेले. नंतर जुन्या वस्तीच्या पांढरीवर. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे शब्द आपण रोज वापरतो. परंतु शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती आणि माणसांचा वावर यांनीच ती माती पांढरी झाली, हे मुलांस त्या दिवशी कळले. पावसाने धुपलेल्या कडेला खापरे दिसत होती. धाकटीने एक उचलून खिशात घातले. नानांनी ते जेथल्या तेथे परत ठेवावयास लावले. “जागेवरून हलविले की ते मुके होते,” ते म्हणाले. “काही विशेष दिसले तर पुरातत्त्व खात्यास कळवायचे, घरी न्यायचे नाही.”

पलीकडे एक गृहस्थ घराच्या कामासाठी पांढरी माती उकरून ट्रॉलीत भरीत होते. गावोगाव असेच चालते आणि त्यात कोणास काही गैर वाटत नाही. नाना त्यांच्याशी बराच वेळ बोलले. रागावले नाहीत, आपल्या भ्रमणध्वनीवरील त्या मूर्तीचे चित्र दाखविले व ती कोठे सापडली ते सांगितले. त्या गृहस्थांनी चित्र दोनदा पाहिले, फावडे बाजूस ठेविले आणि विचारले, “गुरुजी, हे आमच्या पोरांना शाळेत येऊन सांगता का?” नाना पुढल्या आठवड्यात त्यांच्या गावी गेले. त्यानंतर आणखी दोन शाळांचे बोलावणे आले आहे.

परतताना नातवाने विचारले, “नाना, तुम्ही तेव्हा सायकल का नाही थांबवली?” नाना म्हणाले, “थांब असे मला कोणी म्हणाले नाही, बाळ. म्हणून आता मी तुम्हांस म्हणतो.”

वाचकांस आमची विनंती एवढीच. परदेशी जाल तेव्हा चांगला वाटाड्या अवश्य करावा. तो पाहण्याची रीत शिकवितो, आणि ती रीत घरी घेऊन येता येते. आमच्या एका जिल्ह्यातच जालन्याचा मस्तगड व आनंदी स्वामींचे मंदिर, अंबडची मत्स्योदरी, समर्थांचे जन्मगाव जांब, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी जेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा इंग्रजांशी लढल्या ती असई, एवढी स्थळे आहेत. वाचकांच्या जिल्ह्यातही अशी असतीलच. प्रत्येक घरात एखादे नाना असतात. त्यांस त्या जागांविषयी पुष्कळ ठाऊक असते, पण कोणी विचारलेले नसते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांस विचारावे. गुडघे दुखत असल्यास हळू चालावे. आम्ही अंबडास जाणार आहोत. नानांनी टिपणे काढावयास आरंभ केला आहे.