मोहावी रॅटलस्नेक : बदनामी आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांपासून मध्य मेक्सिकोपर्यंत आढळणारा मोहावी रॅटलस्नेक विनाकारण बदनाम झालेला साप आहे. ‘माणूस दिसला की अंगावर धावून येतो’, असं त्याच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. साधारण मीटरभर लांबीचा हा साप खातो ते उंदीर, कांगारू रॅट आणि सरडे. माणूस त्याचं भक्ष्य नाही, शत्रू आहे. चाहूल लागली की तो बहुधा निपचित पडून राहतो, वाट मिळाली तर निसटतो. कोंडीत सापडला, तर वेटोळं घालून, मान उचलून शेपटीच्या टोकाचा खुळखुळा वाजवतो. हा बचावाचा पवित्रा बघणाऱ्याला हल्ला वाटतो. कधी तो आपल्या दिशेने सरकतोही, कारण त्याचं बीळ किंवा झुडूप आपल्या मागे असतं.

‘चावण्याआधी तो वाजतोच’, हा मात्र जिवावर बेतणारा गैरसमज. पाय अचानक अंगावर पडला तर तो न वाजताही चावतो.

स्थानिक लोक त्याला ‘मोहावी ग्रीन’ म्हणतात, म्हणून तो हिरवाच असेल असं मानू नये. ऑलिव्ह हिरवा, तपकिरी, वाळूसारखा फिका, अशा अनेक छटा दिसतात. पाठीवर शंकरपाळ्यांसारखी नक्षी असल्याने वेस्टर्न डायमंडबॅक या दुसऱ्या रॅटलस्नेकशी त्याची नेहमी गल्लत होते. दोघांच्याही शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असतात, पण मोहावीचे पांढरे पट्टे काळ्यांपेक्षा स्पष्ट रुंद असतात. ही खूण लांबूनच, फोटोत पाहावी.

खुळखुळ्याच्या कड्या मोजून वय कळत नाही. दर कातीला एक कडी वाढते, वर्षातून अनेकदा कात पडते आणि जुन्या कड्या तुटतात.

खरी धास्ती बाळगावी ती विषाची. बहुतेक भागांत या सापाच्या विषात मज्जासंस्थेवर घाला घालणारं ‘मोहावी टॉक्सिन’ असतं. ॲरिझोनात फिनिक्स आणि टूसॉनच्या दरम्यानच्या काही सापांत ते नसतं, त्यांचं विष रक्तस्राव घडवतं आणि ऊती नासवतं. पहिल्या प्रकारात सुरुवातीला सूज आणि वेदना कमी असू शकतात आणि पापण्या जड होणं, श्वास अडखळणं नंतर सुरू होतं. म्हणून ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्नियात डोंगरवाटा तुडवणाऱ्या मराठी मंडळींनी दंशानंतर ‘फारसं दुखत नाही’ म्हणून थांबू नये. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. ९११ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा. तिथे प्रतिविष मिळतं.