एक मणाचे चार तुकडे

एका व्यापाऱ्याच्या हातून एक मणाचा, म्हणजे चाळीस शेरांचा, दगडी वजनठोकळा निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. ते तोलून पाहता त्याला आढळले, की एवढ्या चार तुकड्यांवर तराजूत १ ते ४० पर्यंत कितीही शेर माल जोखता येतो. तर तुकडे किती किती शेरांचे? पेढीवरच्या वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकलेले हे कोडे युरोपात बाशे या सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते.

सोडवणारा बहुधा दुपटीच्या वाटेने निघतो. एक शेर, मग दोन, चार, आठ. चौघांची बेरीज पंधरा. सोळाचा पाचवा तुकडा धरला, तरी मजल एकतीसवरच थांबते. कागद भरत जातो, आकडे पुन्हा पुन्हा मांडले जातात. पण चूक बेरजेत नसतेच. माल एका पारड्यात आणि वजने दुसऱ्यात, ही दुकानाची रीत त्याने नकळत कोड्याचा नियम मानलेली असते. कोड्याने तसे कोठेही म्हटलेले नाही.

मालाच्या पारड्यातही वजन टाकता येते, एवढे सुचले की गाठ सुटते. मालासोबत एक शेर व समोर तीन शेर ठेवले, की माल दोन शेर. एक आणि तीन यांनी चारपर्यंतची सोय झाली; म्हणून पुढचा तुकडा पाचाचा नव्हे, तर नवाचा, कारण नवातून चार वजा केले की पाच उरतात. त्याच न्यायाने शेवटचा सत्तावीसचा. १, ३, ९, २७. बेरीज बरोबर चाळीस.

हा क्षण हळूहळू जवळ येत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. मानसशास्त्रज्ञ जॅनेट मेटकाफ यांनी १९८६ व १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोडी सोडवणाऱ्यांना उत्तर कितपत जवळ आले असे वाटते, हे ठराविक वेळाने विचारले जाई. बीजगणिताच्या उदाहरणांत ही जाणीव पायरीपायरीने वाढत गेली. युक्तीच्या कोड्यांत मात्र ती अखेरपर्यंत जेमतेमच राहिली आणि उत्तर एकदम समोर आले. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की अशा कोड्यांत ज्यांना ‘आता जमतच आले’ असे वाढत्या खात्रीने वाटत होते, त्यांचीच उत्तरे अधिक वेळा चुकली. ताळेबंद जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सहजी पटणारे नाही. तेथे फरक रुपयांवरून पैशांवर आला, की काम संपत आले असेच समजतात.

कोडे काही काळ बाजूला ठेवल्यावर पुष्कळदा सुटते, ते बहुधा यामुळेच. विश्रांतीत नवे ज्ञान मिळत नाही. धरून ठेवलेली चुकीची वाट तेवढी सैल होते. कोड्यात प्रत्यक्ष काय सांगितले आहे आणि आपण पदरचे काय घातले आहे, हे दोन रकाने करून लिहिण्याचाही उपयोग होतो.

या चार तुकड्यांनी वीस शेर कसे जोखावेत, हे वाचकांनी घरच्या मुलांसोबत बसून करून पाहावे.