रावसाच्या मागावर, मासेमारी होड्यांच्या शेजारी

दिल्ली-नोएडाकडची मराठी मंडळी सुट्टीत अलिबागकडे आली, की एक दिवस होडीत बसून निवांत गळ टाकावा, असं अनेकांच्या मनात येतं. त्यात रावस मिळाला तर दिवस सार्थकी लागला. बाजारात त्याला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण थंड पाण्यातल्या सॅमनशी त्याचं नातं नाही. तो आपल्या उथळ, चिखलाळ किनाऱ्याचा मासा आहे. याच पाण्यावर कोळ्यांचं पोट चालतं. म्हणून गळ टाकण्याआधी पाणी, मासा आणि शेजारच्या होड्या, तिन्ही समजून घ्यावं.

अलिबागजवळच्या धरमतर खाडीच्या मुखाशी, रेवस आणि करंजाच्या मध्ये, दिवसातून दोनदा भरती येते. तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला फार ओढ असते. नवख्यानं अष्टमीच्या आसपासचा भांग निवडावा. तेव्हा ओढ कमी असल्यामुळे दोरीचं शिसं तळाशी टिकतं.

रावसाच्या छातीच्या परांखाली चार सुटे, दोऱ्यासारखे तंतू असतात. गढूळ पाण्यात तो त्यांनी तळ चाचपत कोळंबी आणि छोटे मासे शोधतो. म्हणून आमिषाला ताजी कोळंबी घ्यावी आणि ती तळालगत ठेवावी. मासा लागला की घाई करू नये. तो जोर करील तेव्हा दोरी ढिली सोडावी, दमला की ओढून घ्यावी.

आता होड्या. करंजाकडचे कोळी डोल जाळी लावतात. हे पिशवीसारखं जाळं समुद्रात पक्कं बांधलेलं असतं आणि त्याचं तोंड ओढीकडे असतं. पाण्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी आपोआप आत येतात. वर फक्त जाळ्याचे तरंगते बोये दिसतात. त्यांच्यामधून होडी घातली तर पंख्यात दोर अडकतो आणि कुणाचं तरी जाळं फाटतं.

ट्रॉलर जाळं मागे लांबवर ओढत नेतो. त्याला चटकन थांबता किंवा वळता येत नाही, म्हणून त्याच्या मागून जवळून जाऊ नये. 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, जाळं ओढणाऱ्या होडीला इतर इंजिनाच्या होड्यांनी वाट द्यायची असते. टोकाला टोक लावलेले दोन काळे शंकू ही तिची दिवसाची खूण. रात्री पांढऱ्या दिव्यावर हिरवा दिवा असतो. कोणत्या बाजूनं जावं याची शंका आली, तर आपली होडी चालवणाऱ्या तांडेलाचा शब्द अखेरचा.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या पावसाळी दिवसांत आपणही समुद्रात जाऊ नये. एरवी गेलात, तर छोटा रावस पाण्यात परत सोडा. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. लहानपणीच पकडला गेला, तर अंडी घालणारी मादी तयारच होत नाही, आणि त्याची झळ पहिल्यांदा कोळ्याच्या घराला बसते.