दाढेतली चांदी

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाजवळच्या मढ गावात किंवा पुढे ओतूरच्या बाजारात, किडलेली दाढ भरून घेतलेली वडीलधारी माणसे ‘दाढेत चांदी भरली’ असे म्हणतात. त्या भरणात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो, उरलेल्यात मुख्यतः चांदी, कथील आणि तांबे असते, आणि या मिश्रणास दंतवैद्यकात अमलगम म्हणतात.

चांदी-कथिलाच्या संयुगाची, म्हणजे ‘गॅमा’ प्रावस्थेची, पूड पाऱ्यात घोटली की कणांच्या पृष्ठभागावरील अणू पाऱ्यात उतरतात. चांदी त्यात फार थोडी विरघळत असल्याने चांदी-पाऱ्याचे ‘गॅमा-एक’ स्फटिक आधी बनतात, कथील-पाऱ्याचे ‘गॅमा-दोन’ मागाहून बनतात, आणि कणांचे न विरघळलेले गाभे त्यांत रुतून राहतात. पूर्ण बळ येण्यास सुमारे 24 तास लागतात, म्हणून दिवसभर त्या बाजूने चावू नये असे दंतवैद्य बजावतात.

घट्ट झालेल्या भरणातही अणू मात्र फिरतच राहतात, आणि या पदार्थाचे खरे वैशिष्ट्य तेच आहे. स्फटिकाच्या रचनेतील रिकाम्या जागांत शेजारचे अणू सरकत जाण्याच्या क्रियेस विसरण म्हणतात, आणि धातू आपल्या वितळणबिंदूच्या जितका जवळ, तितका तिचा वेग अधिक. गॅमा-एक सुमारे 127 अंश सेल्सिअसला, म्हणजे केवल मापनाच्या 400 अंशांना, विघटन पावते, तर तोंडाचे 37 अंश त्याच मापनात 310 होतात. वितळणबिंदूच्या तितक्याच जवळ नेण्यासाठी लोखंड 1100 अंश सेल्सिअसपलीकडे, लोहाराच्या घणाखाली वाकेल इतके, तापवावे लागेल. त्यामुळेच चावण्याच्या दाबाखाली भरण वर्षानुवर्षे अतिमंद गतीने विरूपित होते आणि त्याच्या कडा झिजून तुटतात.

गॅमा-दोन हा सर्वांत दुबळा भाग. लाळेत तो गंजतो, आणि त्यातून सुटलेला पारा आत झिरपून शिल्लक गॅमा कणांशी पुन्हा संयोग पावतो. 1963 मध्ये कॅनडातील इन्स आणि युडेलिस यांनी चांदी-तांब्याचे गोल कण पुडीत मिसळले, तेव्हा कथिलाचे अणू पाऱ्याऐवजी तांब्याकडे वळले, त्या कणांभोवती तांबे-कथिलाचे कडे जमले आणि गॅमा-दोन जवळजवळ नाहीसा झाला. अमलगम भरण्याच्या शतकाहून जुन्या हस्तकौशल्यास इतकी मोठी सुधारणा क्वचितच लाभली.

पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध झालेल्या 2013 च्या मिनामाता करारास भारताने 2018 मध्ये अनुमोदन दिले, आणि त्यानुसार अमलगमचा वापर घटवला जात आहे. सुस्थितीतील जुने भरण मात्र केवळ भीतीपोटी काढू नये, कारण ते कोरून काढताना, जागच्या जागी असताना सुटते त्याहून अधिक पाऱ्याची वाफ बाहेर पडते.