जळगाव, लोणेरे की पुणे? इंजिनिअरिंगचा फॉर्म भरण्याआधी एवढं समजून घ्या

सीईटीचा पर्सेंटाइल हातात आला की घर जळगावच्या मेहरुणमध्ये असो की धुळ्याच्या शंभर फुटी रोडवर, चर्चा एकाच प्रश्नावर येते. युनिव्हर्सिटी कोणती चांगली? मामू म्हणतात पुणे, शेजारचा मुलगा म्हणतो लोणेरे, आणि अम्मीचं म्हणणं असतं की जळगाव-धुळ्यातच राहू दे, रोज घरी तर येईल. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य असतं. पण प्रश्न जरा चुकीच्या बाजूने विचारला जातो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला बहुतेक मुलं विद्यापीठ निवडत नाहीत. ती एका कॉलेजातल्या एका ब्रँचची, एका कोट्यातली जागा निवडतात. ती जागा कोणत्या दाराने मिळाली यावर चार वर्षांचा खर्च ठरतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. खान्देशातली कॉलेजं १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाखाली होती. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. आज त्याचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. दुसरं नाव लोणेरेचं. रायगड जिल्ह्यातलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आधी स्वतःपुरतं होतं. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातली कॉलेजं संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला आणि २०१७ नंतर खान्देशातली काही कॉलेजं त्याच्याकडे गेली. म्हणून मुलगा धुळ्यात शिकतो आणि पदवीवर लोणेरेचं नाव असतं. यात फसवणूक काही नाही.

तिसरा प्रकार स्वायत्त कॉलेजचा. १९९६ मध्ये सुरू झालेलं जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शिरपूरचं आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही आपल्या भागातली उदाहरणं. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम, पेपर आणि निकाल कॉलेज स्वतः करतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. अभ्यासक्रम लवकर बदलता येतो हा फायदा. पण शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच, त्यामुळे कॉलेज प्रामाणिक असेल तर उत्तम, नसेल तर मार्क भरपूर आणि ज्ञान कमी. हे ब्रोशरमधून कळत नाही. त्याच कॉलेजात तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या मुलांना गाठून विचारावं लागतं.

चौथा प्रकार खाजगी आणि अभिमत विद्यापीठांचा. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असू शकते, फी वेगळी आणि नियमही वेगळे. शिरपूरला एनएमआयएमएसचा कॅम्पस आहे, तो अभिमत विद्यापीठाचा. त्याच शिरपुरातलं आर. सी. पटेल मात्र कॅपमधून भरतं, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. दोन्ही ‘शिरपूरचं कॉलेज’ म्हणून ओळखली जातात, पण आपल्या खिशाच्या दृष्टीने ही दोन वेगळी दुनिया आहेत. कारण पुढे येईलच.

आता कटऑफची यादी कशी वाचायची ते पाहू. सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक फेरीचे कटऑफ प्रसिद्ध करतो. त्यात जागांचे कोड इंग्रजी अक्षरांत असतात आणि बरेच पालक तिथेच गोंधळतात. कोडच्या सुरुवातीला जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींची. मध्ये प्रवर्ग असतो, ओपन, ओबीसी, एसटी वगैरे. शेवटचं अक्षर सर्वांत महत्त्वाचं. एच म्हणजे त्याच विद्यापीठ क्षेत्रातल्या विद्यार्थ्याची जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्याची, एस म्हणजे संपूर्ण राज्यासाठी खुली. जिथे एच आणि ओ अशी विभागणी असते तिथे सर्वसाधारणपणे ७० टक्के जागा एचच्या आणि ३० टक्के ओच्या. म्हणजे आपल्या मुलीने पुण्यातल्या अशा कॉलेजचा कटऑफ बघताना ओचा आकडा बघायचा, आणि तो बहुतेक वेळा वर असतो. एचचा आकडा बघून ‘बसतंय आपलं’ म्हणणारी घरं नंतर निराश होतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी अकरावीच्या वेळी कोणी सांगत नाही. आपलं विद्यापीठ क्षेत्र राहत्या घरावरून ठरत नाही, बारावी कुठून पास झाली त्यावरून ठरतं. धुळ्याच्या मुलाने अकरावी-बारावी मालेगावला किंवा नाशिकला केली तर इंजिनिअरिंग प्रवेशासाठी तो पुणे विद्यापीठ क्षेत्रातला समजला जातो. मालेगाव आणि धुळ्यात ५० किलोमीटरचं अंतर आहे, आणि नातेवाईकांमुळे, उर्दू ज्युनिअर कॉलेजमुळे कितीतरी मुलं तिकडे शिकतात. हे त्यांच्या फायद्याचंही ठरू शकतं, तोट्याचंही. पण फॉर्म भरताना आपण एच कुठे आणि ओ कुठे, हे माहीत पाहिजे.

आपल्या समाजासाठी आणखी एक दार आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे चर्चा कमी होते. मुस्लिम अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजात कॅपच्या काही जागा राज्यभरातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी असतात, साधारण ५१ टक्के. कटऑफ यादीत त्या एमआय या कोडखाली दिसतात. मुंबईत भायखळ्याचं एम. एच. साबू सिद्दीक, नवीन पनवेलचं अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस, नागपूरचं अंजुमन, आणि आपल्या अगदी शेजारी मालेगावचं मौलाना मुख्तार अहमद नदवी टेक्निकल कॅम्पस. या जागा हव्या असतील तर कॅपच्या फॉर्ममध्ये धार्मिक अल्पसंख्याक ही नोंद करायलाच हवी, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म लिहिलेला आहे का हे आधी बघून घ्यावं. नुसतं मुस्लिम नाव असणं पुरत नाही.

पण डोळे झाकून अल्पसंख्याक कॉलेजच घ्यावं असंही माझं म्हणणं नाही. आपल्यातल्या अनेक घरांकडे दुसरा हक्क आहे. मोमीन-अन्सारी, पिंजारी, तांबोळी, मणियार, बागवान, अत्तार या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. रावेर, यावल, चोपडा तालुक्यांतले तडवी भिल्ल मुस्लिम असूनही अनुसूचित जमातीत येतात, कारण एसटीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. ज्याच्याकडे असा दाखला आहे त्याने सर्वसाधारण कॉलेजातल्या आपल्या प्रवर्गाचा कटऑफ आणि अल्पसंख्याक कॉलेजातला एमआयचा कटऑफ शेजारी शेजारी ठेवून बघावा. एखाद्या तडवी मुलीला सरकारी कॉलेजची जागा मिळत असेल तर तिने ती सोडून दुसरीकडे जावं असं सांगणं मला पटत नाही. मात्र यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि ओबीसीला वरून नॉन-क्रीमीलेअर. वैधतेचं प्रकरण बारावीच्या निकालानंतर सुरू केलं तर फार उशीर होतो. ते अकरावीतच टाकावं. जो कोणत्याही यादीत नाही त्याने ईडब्ल्यूएस दाखला काढावा. तो खुल्या प्रवर्गातल्या मुस्लिम कुटुंबालाही मिळतो, उत्पन्न आठ लाखांच्या आत असावं लागतं.

फीकडे येऊ, कारण निम्म्या घरांत निर्णय इथेच होतो. समजा एका खाजगी विनाअनुदानित कॉलेजची वर्षाची फी १ लाख रुपये आहे, त्यातली ट्यूशन फी ९० हजार आणि बाकी १० हजार डेव्हलपमेंट वगैरे. कॅपमधून गेलेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस मुलाला ट्यूशन फीत ५० टक्के सवलत मिळते. त्याच घरातली मुलगी असेल तर? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. म्हणजे या उदाहरणात भावाला ५५ हजार भरावे लागतील आणि बहिणीला १० हजार. मुलीला इंजिनिअरिंग परवडत नाही, तिला बी.ए. करू दे, असं म्हणणाऱ्या अब्बांनी हा हिशेब कागदावर मांडावा. महिलांना एसटी बसमध्ये मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेही त्यात धरावं.

याशिवाय टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात. मंजूर जागांवर आणखी पाच टक्के, त्यात कोणत्याही प्रवर्गाच्या मुलाला ट्यूशन फी माफ, अट आठ लाखांच्या उत्पन्नाची. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो. तो वेगळा भरला नाही तर ती जागा मिळतच नाही. कटऑफ मात्र कडक असतो, आणि एकदा ही जागा घेतली की नंतर ब्रँच बदलण्याची सोय नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही महा-डीबीटीवर आहे.

आता शिरपूरच्या उदाहरणाकडे परत. वरच्या मुलींच्या माफीत आणि ५० टक्के सवलतीत खाजगी स्वयंअर्थसहाय्यित आणि अभिमत विद्यापीठं येत नाहीत. कॉलेज स्तरावरचा मॅनेजमेंट कोटाही येत नाही. जून महिना आला की घरोघरी एजंट फिरतात. मोठं नाव, एसी हॉस्टेल, ‘सीईटीची गरज नाही’, ‘आज पाच हजार भरून सीट बुक करा’. त्या विद्यापीठात शिक्षण वाईटच असेल असं नाही. पण एजंट ज्या स्कॉलरशिपबद्दल बोलतो ती बहुतेकदा विद्यापीठाचीच सूट असते, आणि दुसऱ्या वर्षी मार्क कमी पडले की ती जाऊ शकते. त्याला एकच विचारा, ही जागा कॅपची आहे का? उत्तर गोलमोल आलं तर चहा पाजून निरोप द्या.

पर्याय भरण्याचा क्रम हा शेवटचा पण मोठा भाग. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर तीच जागा घ्यावी लागत होती, पुढच्या फेरीत जाता येत नव्हतं. त्यामुळे सायबर कॅफेवाल्याला ‘भर रे काहीतरी’ म्हणून पहिली सहा नावं भरू देऊ नका. जिथे खरोखर जायची तयारी आहे तेच वर ठेवा. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच बसा.

आणि ब्रँच? सगळ्यांना कॉम्प्युटर हवं असतं. मग कॉम्प्युटरसाठी कमजोर कॉलेज घ्यायचं की चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल? माझा कौल दुसऱ्या बाजूला, विशेषतः मुलाला हाताने काम करायला आवडत असेल तर. जळगाव एमआयडीसीत पाइप आणि प्लास्टिकचे कारखाने आहेत, जैन इरिगेशन आहे, भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचं वीज केंद्र. घराजवळ इंटर्नशिप मिळू शकते ती अशा ठिकाणी. कॉलेज बघताना एनबीए मानांकन विचारा. ते पूर्ण कॉलेजला नसतं, ब्रँचनिहाय असतं. गेटवर बोर्ड असला तरी आपल्या मुलाच्या ब्रँचला ते आहे का आणि मुदत कधीपर्यंत आहे, हे पाहा.

उर्दू माध्यमातल्या मुलांच्या पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा पेपर उर्दूत घेता येतो, मराठीतही. गणित फक्त इंग्रजीत असतं आणि त्याला एकूण २०० पैकी १०० गुण आहेत. आपली पोरं गणितात कच्ची नसतात, प्रश्नाच्या भाषेत अडकतात. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीपासून गणिताच्या इंग्रजी संज्ञा पाठ करायला लावा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये हेही सांगा. ज्याला हा रस्ता जड वाटतो त्याच्यासाठी दहावीनंतर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश हा मार्ग आहे. त्यात सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे मार्क लागतात.

यंदा बारावीला असलेल्यांनी या आठवड्यात एवढं करावं. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता हे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येकावरचं नाव आधार कार्डाशी जुळवून बघा. शेख, शैख, मोहम्मद, मुहम्मद असे स्पेलिंगचे फरक आत्ताच दुरुस्त करून घ्या. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते आणि कॅपची तारीख कोणासाठी थांबत नाही.