रेहेकुरीची काळविटे व आपली शेती

सुट्टीत प्रवासास निघालेल्या एखाद्या दांपत्यास कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या माळावर काळा नर व पिंगट माद्या यांचा कळप दिसला, तर तो क्षण त्यांच्या कायम स्मरणात राहतो. परंतु तोच कळप ज्वारीत शिरला, तर शेतकऱ्याचे कष्ट वाया जातात. सन १९८० मध्ये स्थापन झालेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. तेव्हा हरणे बाहेर येणारच. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांची शिकार हा गुन्हा आहे. शेतकरी बंधूंनी पिकाची नासाडी होताच वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा व नुकसानभरपाई मागावी. उघड्या विहिरींना कठडे बांधावेत. कळपामागे मोटार दामटू नये, हे गावातील कार्यकर्त्यांनी पाहुण्यांस समजावून सांगावे.